बिनविरोध सुवर्णपदक

त्या हंगामात मी चार सुवर्णपदकं जिंकली आणि एकदाही कुणाच्या अंगाला हात लावला नाही. ‘जिंकली’ हा शब्दसुद्धा मी नाइलाजानं वापरते, कारण प्रमाणपत्रावर तोच छापलाय. खरं म्हणजे ती मला घरपोच मिळाली असती तरी चाललं असतं. उगाच सकाळी सहाला उठून वजनकाट्यावर उभं राहावं लागलं.

मी पिंपळीला राहते आणि कऱ्हाटीकडच्या एका शाळेत भूगोल शिकवते. एकोणचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी वजन कमी करा म्हणून सांगितलं, तेव्हा आधी मी बारामतीत बायकांच्या योगवर्गाला गेले. तिथं शवासनातसुद्धा बायका सुनांबद्दल बोलायच्या. आठ दिवसांत मला त्यांचा वीट आला. त्याच रस्त्यावर एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर ‘जिउ-जित्सू, मुले व मुली, प्रवेश सुरू’ असा बोर्ड होता. मी जिना चढले तो केवळ योगवर्गावरच्या रागानं.

वर्ग चालायचा पंगतीच्या हॉलमध्ये. लग्न असलं की मॅट गुंडाळून कोपऱ्यात जायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मसालेभाताचा वास यायचा. शिकवणारे सर अठ्ठावीस वर्षांचे. त्यांनी आधी कराटे शिकवलं, मग तायक्वांदो, मग किकबॉक्सिंग. बोर्ड मात्र तोच, फक्त पहिल्या शब्दावर पांढरा रंग मारून नवा शब्द लिहिलेला. जिउ-जित्सू ते मोबाइलवर बघून आणि दोन शिबिरं करून शिकले होते, आणि ‘आपल्याकडं हे मीच आणलं’ असं सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा.

खेळ तसा सोपा आहे सांगायला. समोरच्याला खाली घ्यायचं, वर चढून बसायचं, आणि त्याचा हात नाहीतर गळा असा आवळायचा की त्यानं हार मानून हातानं दोनदा थोपटावं. त्या थोपटण्याला टॅप म्हणतात. मारामारी नाही, लाथ नाही. पांढरा जाड ड्रेस, कमरेला पट्टा, आणि सगळा खेळ मनगटांचा आणि कॉलरीचा. मला तो आवडला. हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. लाज वाटावी अशा गोष्टी पुढं आहेत.

आमच्या संघात अकरा जण होते, त्यातली दहा शाळा-कॉलेजातली पोरं आणि अकरावी मी. सरावात मुली माझ्याशी हात राखून खेळायच्या. एकदा एका दहावीतल्या मुलीनं मला खाली घेतलं आणि लगेच ‘सॉरी मॅडम’ म्हणून उठून उभी राहिली. मी तिला झापलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शिक्षक असण्याचा हा शाप आहे. आयुष्यभर मी कुस्त्या जिंकत आले त्या जिभेनं. स्टाफरूममध्ये, सासरी, एसटीच्या खिडकीवर, कुठंही. समोरचा माणूस माझ्या तिसऱ्या वाक्याला आडवा व्हायचा. पण अंगात काही आहे, की सगळं जिभेतच आहे, हे मला एकदा कळून घ्यायचं होतं. एक खरी लढत, अनोळखी बाईशी, जी मला मॅडम म्हणणार नाही. हरले तरी चालेल, असं मी सगळ्यांना सांगत असे.

पहिली स्पर्धा बारामतीतच होती. मी पंधरा दिवस रात्रीचं जेवण सोडलं, चौसष्ट किलोच्या गटात बसले, तासभर अंग मोकळं केलं. माझं नाव पुकारलं. मॅटवर गेले तर समोर कुणीच नाही. रेफरीनं माझं मनगट धरलं आणि हात वर केला. पस्तिशीच्या पुढच्या महिलांत मी एकटीच होते. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं मला नवल वाटलं, कारण ते सगळे शुद्धीवर होते.

मला वाटलं, माझ्या वयाचा दोष. पण संध्याकाळपर्यंत लक्षात आलं की आमच्या संघाच्या नऊ सुवर्णपदकांपैकी सहा अशीच होती. पोरं मॅटवर जात होती, हात वर करून घेत होती आणि वडापाव खायला परत येत होती.

याचं गुपित मला दुसऱ्या स्पर्धेआधी कळलं. आमच्या भागात सोसायटीची निवडणूक असो की गावकीची, जाणती माणसं ती बिनविरोध करायला बघतात. आबा, तात्या, दोन्हीकडची पुढारी मंडळी एका ओट्यावर बसतात, चहा होतो, तुम्ही या प्रभागातला अर्ज मागं घ्या, आम्ही त्या प्रभागातला घेतो, आणि गुलाल उधळून मोकळे. भांडण नाही, तंटा नाही. मत द्यायची हौस असणाऱ्यानं घरी बसावं. सरांनी हेच शहाणपण मॅटवर आणलं होतं. स्पर्धेच्या चार दिवस आधी ते आजूबाजूच्या चार-पाच वर्गांच्या सरांना फोन लावायचे. “तुमची ती उंच पोरगी कितीत बसतीय? बावन्न? मग मी माझी अठ्ठेचाळीसला उतरवतो. तुमी सत्तावन्न मोकळा सोडा.” मग वर्गात येऊन एकाला केळी खायला लावायचे, दुसऱ्याला रेनकोट घालून कालव्याच्या कडेनं पळवायचे. आमची सगळी तयारी समोरच्याला हरवायची नव्हती, चुकवायची होती.

मी सरांना विचारलं, “हे बरोबर आहे का?”

ते मनापासून चकित झाले. “मॅडम, यात चूक काय हाय? पोरं खूश, पालक खूश, समदे वर्ग चालत्यात. आन् कुणाचा हात मोडत न्हाय.”

दुसरी स्पर्धा राज्यस्तरीय होती. राज्य म्हणजे तीन तालुके आणि एक चुकून आलेली नगरकडची गाडी. मी पुन्हा एकटी, पुन्हा सुवर्ण. तिसरी स्पर्धा पुण्याच्या अलीकडं, पत्र्याच्या शेडमध्ये. तिथं मी सरांकडं हट्ट धरला की मला तरुण मुलींच्या खुल्या गटात घाला. हरेन, पण लढेन.

सर म्हणाले, “मॅडम, सर्वसाधारण विजेतेपदाची ट्रॉफी गुणांवर असती. तुमचं सोनं फिक्स हाय. घरातलं सोनं मोडून कुणी जुगार खेळतं का?”

“मला जुगारच खेळायचाय,” मी म्हणाले.

“पुढच्या टायमाला बघू,” असं म्हणून ते ट्रॉफीचा फोटो काढायला गेले. मी गाडीत सगळ्या पोरांसमोर त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. एका मुलानं कानांत इअरफोन घातले. सर ड्रायव्हरशेजारी बसून पुढं बघत राहिले. त्यांनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही, आणि मी ते त्यांच्या बुळेपणात जमा केलं.

सत्काराचं काय सांगू? प्रत्येक पदकामागं एक सत्कार ठरलेला. शाळेत झाला, गावात झाला, महिला मंडळानं केला. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर माझा फोटो पासपोर्टएवढा आणि शुभेच्छुकांचे फोटो परातीएवढे. माझ्या नावामागं ‘रणरागिणी’ लावलं होतं. भाषणात मी दर वेळी खरं तेच सांगायची. “माझ्या गटात दुसरं कुणीच नव्हतं, म्हणून हे पदक मिळालं.” लोक हसायचे, मॅडम किती साध्या आहेत म्हणायचे आणि नारळ हातात द्यायचे. खरं बोलूनही कुणी ऐकत नाही, याचा मला भयंकर राग यायचा. पण त्या रागात एक मजा होती. सगळे मूर्ख आणि मी एकटी शहाणी, ही जागा बसायला फार मऊ असते.

घरी नवरा होता. तो साखर कारखान्यात केमिस्ट आहे, बोलतो कमी आणि हसतो त्याहून कमी. पदक दाखवलं की तो ते हातात घेऊन वजन बघायचा आणि म्हणायचा, “जस्त हाय.” मग टीव्हीकडं वळायचा. मी म्हणायची, बघा, एकदा खरी लढत येऊ दे. तो म्हणायचा, “घोडामैदान जवळच हाय.” तिन्ही पदकं फ्रिजवर पडून होती. शोकेसमध्ये ठेवायचं ना त्याच्या मनात आलं ना माझ्या.

हंगामातली शेवटची स्पर्धा इंदापूरला होती. सकाळी वजनाच्या रांगेत उभी असताना सर पळत आले. त्यांचा चेहरा उजळला होता.

“मॅडम, आली बघा. तुमच्या गटात एक बाई हाय. बावड्याची. चौसष्टमधीच.”

मला आधी आनंदच झाला. खोटं कशाला बोलू? मी त्यांना विचारलं, “आणि तुमची ट्रॉफी?”

“ट्रॉफीचं मी बघतो. लई बोलला तुमी वर्षभर. आज खेळा,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. हा माणूस माझ्यासाठी ट्रॉफी सोडायला तयार होता, आणि तेव्हाही माझ्या मनात आलं की यात याचा काहीतरी डाव असणार.

ती बाई भिंतीकडच्या मॅटवर होती. माझ्याच वयाची, उन्हानं रापलेली, केस घट्ट बांधलेले, ड्रेसवर जुन्या कापडाचं ठिगळ. ती एका तगड्या कॉलेजच्या पोराबरोबर अंग मोकळं करत होती. तिनं त्याची कॉलर धरली. नुसती धरली. पोरानं दोन्ही हातांनी ती सोडवायचा प्रयत्न केला, कमरेतून झटका दिला, पाय लावला. ती मूठ काही सुटली नाही. मग तिनं त्याला शांतपणे खाली आणलं, गुडघा त्याच्या पोटावर ठेवला आणि त्यानं टॅप केलं. ती उठली, पदराची सवय असल्यासारखा खांद्यावरून हात फिरवला आणि पुन्हा त्याची कॉलर धरली.

मी तिथं पाचेक मिनिटं उभी होते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. वर्षभर ज्या गोष्टीसाठी मी जगाला धारेवर धरलं, ती समोर आली होती, आणि मला घरी जायचं होतं. हरण्याची भीती नव्हती, असं मी नंतर स्वतःला सांगून पाहिलं. पण भीती हरण्याचीच होती. आमच्या दहा पोरांसमोर, त्यांच्या पालकांसमोर, आणि ज्या सरांना मी गाडीभर ऐकवलं त्यांच्यासमोर एक मिनिटात आडवं होण्याची होती. हातानं दोनदा थोपटून ‘पुरे’ म्हणायची होती.

तीच माझ्याकडं चालत आली. कुणीतरी माझ्याकडं बोट दाखवलं असावं.

“तुमीच का पिंपळीच्या?” तिनं विचारलं. “लई बरं झालं बाई. मी दुसरीकडं तीन बार खेळाया गेली, तिनी बार नुसती हुबी ऱ्हाऊन पदक घिऊन आली. घरात पोरी हसत्यात. म्हनलं, इंदापुरात कुनीतरी हाय म्हनत्यात, जाऊ तर. धारा काढून पयल्या एसटीनं आली.”

तिला माझ्याशी भांडायचं नव्हतं. तिला खेळायचं होतं. सगळ्या जिल्ह्यात माझ्यासारखी वैतागलेली एकच बाई होती, आणि ती पहाटे म्हशींची धार काढून, पहिली एसटी पकडून माझ्यासमोर येऊन उभी होती.

मी हसले. “हो ना, बरं झालं,” म्हणाले. मग पाणी पिऊन येते म्हणून सरांकडं गेले.

“सर,” मी म्हणाले, “ते गट वाटून घ्यायचं कसं असतं?”

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. पस्तीस ते एकोणचाळीस एक गट, चाळीसच्या पुढं दुसरा गट. दोघींनाही सुवर्ण. वय मी मघाशी वजनाच्या तक्त्यावर वाचून ठेवलं होतं. ती एक्केचाळीसची होती. इतकं सगळं मी कधी बघितलं आणि कधी जुळवलं, ते माझं मलाच ठाऊक नाही.

सरांनी माझ्याकडं बघितलं. वर्षभरात मी त्या माणसाला जेवढं बोलले, त्यातलं एक वाक्य जरी त्यांनी तेव्हा परत केलं असतं, तरी मला बरं वाटलं असतं.

“व्हतंय की,” ते म्हणाले. “पर दोघींची सही लागती. तिला कारन काय सांगायचं?”

“माझा गुडघा,” मी म्हणाले. “उजवा. सकाळपासून दुखतोय.”

नाचता येईना अंगण वाकडं, या म्हणीचा अर्थ मी वर्गात कितीतरी वेळा पोरांना सांगितला असेल. टेबलापर्यंत जाताना मी लंगडायला सुरुवात केली. पहिली चार पावलं अवघड गेली, मग जमलं.

आयोजकांच्या टेबलावर कागद तयार झाला. मी आधी सही केली. तिला बोलावलं. तिनं कागद वाचला, हळूहळू, ओळीवर बोट ठेवून. मग माझ्या पायाकडं बघितलं.

“गुडघा का?” ती म्हणाली. “बसा वाईच.”

मी खुर्चीवर बसले. ती समोर उकिडवी बसली, माझ्या ड्रेसचा पाय वर सारला आणि दोन्ही अंगठ्यांनी वाटी चाचपायला लागली. तिच्या घरात भाऊ-चुलते पैलवान होते, असं ती बोलता बोलता म्हणाली. वाटीच्या खाली दाबलं, वर दाबलं, पाय वाकवून सरळ केला. हात एकदम पक्के आणि गरम. मी योग्य वाटेल तिथं ‘स्स’ केलं. ती थांबली. तिनं पुन्हा तिथंच दाबलं, मी विसरले आणि काहीच केलं नाही.

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. अगदी जवळून. आजूबाजूला सर होते, आयोजक होते, आमची चार पोरं वाकून बघत होती. ही बाई आता दोन शब्द बोलली असती तर माझं सगळं संपलं असतं, आणि तिला तो हक्क होता.

“व्हय,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “सूज हाय. नका खेळू बाई तुमी.”

तिनं पेन घेतलं आणि सही केली.

दुपारी आम्ही दोघींनी एकामागून एक वरच्या पायरीवर उभं राहून पदकं घेतली. लंगडणं मला दिवसभर चालू ठेवावं लागलं. एकदा पाय चुकला, डाव्या पायानं लंगडायला लागले, मग सुधारलं. आमच्या संघाला ट्रॉफी मिळाली. निघताना ती बाई एसटी स्टँडकडं चाललेली दिसली, पिशवी खांद्याला लावून, झपझप. मी हाक मारली नाही. हाक मारून काय बोलणार होते?

सरांनी ड्रायव्हरशेजारची आपली जागा मला दिली, पाय लांब करता यावा म्हणून. गाडीत गाणी लागली होती. पोरांनी माझी पिशवी उचलून घरापर्यंत आणून दिली आणि दारातच नवऱ्याला सांगून टाकलं, की मॅडमना लागलंय, आज त्यांच्यासमोर खरी पैलवान बाई होती.

पोरांनी खोटं काही सांगितलं नव्हतं. लढत झाली असं ते म्हणाले नाहीत. नाही झाली असंही म्हणाले नाहीत. ते दुरुस्त करायचं काम माझं होतं. आधीच्या तीन पदकांच्या वेळी मी ते न विचारता केलं होतं.

नवऱ्यानं पदक हातात घेतलं. वजन बघितलं नाही. शोकेसचं दार सरकवून कपबशा बाजूला केल्या आणि ते मधोमध ठेवलं. मग स्वयंपाकघरात जाऊन वाटीत तेल कोमट करून आणलं, माझ्या पायाशी जमिनीवर बसला आणि उजवा पाय मांडीवर घेतला. सतरा वर्षांच्या संसारात त्यानं हे पहिल्यांदाच केलं. त्याला नीट जमत नव्हतं, तेल सगळीकडं ओघळत होतं. पण तो मन लावून चोळत होता.

“हितं दुखतंय का?” त्यानं विचारलं.

मी म्हणाले, “जरा वर.”